वतनाच्या जमिनीचे वकील : डॉ. बाबासाहेब आंबेडकर



एप्रिल महिना आला की आपल्या नातेपुत्यात, साऱ्या माळशिरस तालुक्यात आणि महाराष्ट्रभर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती साजरी होते. त्यांच्या हातातले संविधान लहान मुलालाही ओळखता येते. महाडचे तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार हे सारे आपण शाळेत शिकलो. पण बाबासाहेबांनी आयुष्याची तीस वर्षे आणखी एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता आणि त्याबद्दल आपल्या मुलांना फारसे काही सांगितले जात नाही. तो प्रश्न म्हणजे महार वतनाच्या जमिनीचा. आमच्या मते खेड्यात राहणाऱ्या माणसाला बाबासाहेब समजून घ्यायचे असतील तर सुरुवात इथूनच करावी.

आधी वतन म्हणजे काय ते पाहू, कारण आपल्या तरुण पिढीला हा शब्द फक्त सातबाऱ्याच्या उताऱ्यावर दिसतो.

गावगाड्यात प्रत्येक कामाला एक घराणे नेमलेले असे. पाटील, कुलकर्णी हे वरचे वतनदार. महार, रामोशी हे खालचे. महाराने गावची वेस राखायची, चावडीवर हजर राहायचे, साऱ्याची रक्कम तालुक्याला पोहोचवायची, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, शिवेचा तंटा निघाला तर साक्ष द्यायची, मयताची खबर परगावी न्यायची आणि मेलेले ढोर ओढून टाकायचे. वेसकर आणि तराळ ही कामांची नावे पुढे आडनावे होऊन बसली. या चाकरीच्या बदल्यात तीन गोष्टी मिळत. एक, थोडी इनाम जमीन. तिला हाडकी, हाडोळा अशी नावे होती आणि तिच्यावर पूर्ण साऱ्याऐवजी जुडी नावाचा कमी सारा बसे. दोन, सुगीला शेतकऱ्यांकडून बलुते. तीन, मानपान आणि काही हक्क. बेदरच्या बादशहाने अमृतनाक महाराला बावन्न हक्कांची सनद दिली, ही कथा जुनी माणसे अभिमानाने सांगत.

कथा ऐकायला चांगली आहे. पण इंग्रज सरकारने १८७४ साली मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा केला आणि गावच्या चालीरीतीला सरकारी कागदाचा आधार मिळाला. मग काय घडले ते बघा. जमीन एका माणसाच्या नावावर नव्हती, ती साऱ्या महारवाड्याची. तिच्या तक्षिमा पडल्या, तक्षिमांत घरे वाढली, दर पिढीला वाटण्या झाल्या. एका घराच्या वाट्याला चार-दोन गुंठे यायचे, कधी तेवढेही नाही. मात्र चाकरी कमी होत नव्हती. पाळी ज्याची असेल तो माणूस आजारी पडला किंवा परगावी गेला, तर त्याच्या बापाने किंवा भावाने हजर व्हायचे. कामाचे तास ठरलेले नव्हते, खातेही ठरलेले नव्हते. महसूल, पोलीस, आरोग्य, कुठल्याही खात्याचा माणूस गावात आला की महार त्याच्या दिमतीला. जमीन विकता येत नव्हती आणि सोडताही येत नव्हती, कारण सोडली की गावातले उरलेसुरले स्थानही गेले. दोन गुंठ्यांच्या आशेने माणूस जन्मभर गावाला बांधलेला राहायचा. सरकारला याहून स्वस्त नोकर कुठे मिळणार होता?

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. म्हणजे पलटणीच्या नोकरीमुळे हे कुटुंब गावच्या चाकरीतून दोन पिढ्या आधीच सुटले होते. ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्याच्या घरात महिन्याला नियमित पगार आणि नंतर निवृत्तिवेतन आले, त्याचे पोर शाळेत बसले. ज्याच्या घरात बलुत्याची पेंढी आली, त्याचे पोर ती गोळा करायला गेले. लहानपणीची काही वर्षे बाबासाहेब आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात राहिले. त्यांचे वडील तेव्हा खटाव भागात दुष्काळी कामावरच्या तलावाच्या बांधकामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरलेल्या या नीटनेटक्या मुलांना जात कळताच कोणी गाडीवान न्यायला तयार झाला नाही, हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असेल.

पुढचे शिक्षण आपण भराभर सांगू. १९०७ मध्ये मॅट्रिक, १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. १९२३ पर्यंत ते अर्थशास्त्राचे डॉक्टर आणि बॅरिस्टर झाले होते. अर्थशास्त्र आणि कायदा या दोन विद्या एकाच माणसाकडे होत्या, म्हणूनच वतनाचा गुंता त्यांना सोडवता आला. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातले म्हणणे साधे होते. शेत लहान की मोठे हे नुसते एकर मोजून ठरत नाही. त्यावर राबायला बैल, अवजारे, भांडवल किती आहे यावर ठरते. आपल्याकडे शेतीवर माणसांचा भार फार झाला आहे, ती माणसे कारखानदारीकडे वळल्याशिवाय तुकडे जोडण्याचा नुसता कायदा करून भागणार नाही. हा निबंध शंभर वर्षांपूर्वीचा आहे, हे वाचताना खरे वाटत नाही.

१९२६ च्या अखेरीस सरकारने त्यांची मुंबई कायदेमंडळावर नेमणूक केली. मार्च १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला. एप्रिलमध्ये त्यांनी बहिष्कृत भारत हे पाक्षिक सुरू केले आणि त्याच वर्षी त्यात महारांच्या वतनावर लेख लिहून आपल्याच लोकांना समजावायला घेतले. ते सोपे नव्हते. वतन म्हणजे वाडवडिलांचा मान, ते सोडा असे सांगणारा माणूस कितीही शिकलेला असला तरी जुन्या माणसांना तो घर मोडायला निघाल्यासारखा वाटे. बायबलमधला नाबोथ आपल्याला माहीत आहे. वाडवडिलांचा द्राक्षमळा राजालाही द्यायला तो तयार झाला नाही आणि त्यापायी जिवाला मुकला. जमिनीविषयीची ही माया बाबासाहेबांना समजत होती. त्यांनी जमीन सोडायला कधीच सांगितले नाही. त्यांचे म्हणणे होते की जमीन आणि चाकरी यांची गाठ सोडवा. जमीन ठेवा, चाकरी टाका.

मार्च १९२८ मध्ये त्यांनी १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले आणि ऑगस्टमध्ये त्यावर सविस्तर भाषण केले. विधेयकाचा गाभा असा होता. ज्या वतनदाराला चाकरीतून मोकळे व्हायचे आहे, त्याला इतर रयतेप्रमाणे पूर्ण सारा भरून आपली जमीन राखता यावी आणि त्याच्यावर चाकरीची सक्ती राहू नये. ज्याला चाकरीवर राहायचे आहे, त्याची कामे नियमांनी ठरवून द्यावीत. बलुते दारोदार मागत फिरण्याऐवजी त्याची रोख रक्कम ठरवून ती सरकारने साऱ्याबरोबर रयतेकडून वसूल करावी आणि पगार म्हणून द्यावी. म्हणजे कोणाकडून काही हिसकावून घ्यायचे नव्हते. सरकारला उलट जास्त सारा मिळणार होता. शिवाय देशमुख-देशपांड्यांची चाकरी सरकारने १८६० नंतरच्या दशकात अशीच माफ करून त्यांची वतने त्यांच्याकडे ठेवली होती. वरच्या वतनदाराला जे सहज मिळाले, ते खालच्या वतनदाराला का मिळू नये, याचे सरळ उत्तर सरकारजवळ नव्हते.

अडचण पैशाची होती. महार मोकळे झाले तर गावोगाव पगारी नोकर नेमावे लागतील, तो खर्च सरकारला नको होता. रयतेच्या प्रतिनिधींना बलुत्याची रक्कम साऱ्यात मिसळणे नको होते. विधेयक निवड समितीकडे गेले आणि तिथून ते अशा रूपात बाहेर आले की मूळ हेतूच उरला नाही. १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. आम्हाला वाटते, या माघारीची जेवढी आठवण ठेवायला हवी तेवढी ठेवली जात नाही. अपुरा कायदा पदरात पाडून घेऊन विजय साजरा करणे सोपे होते.

त्याच काळात लहान शेतकऱ्यांच्या जमिनीबद्दल सरकारने आणलेल्या एका विधेयकाला त्यांनी ऑक्टोबर १९२७ मध्ये विरोध केला होता. तुकडे एकत्र करण्याच्या नावाखाली गरिबाची जमीन श्रीमंताकडे जाईल आणि गरीब मजूर होईल, अशी त्यांना भीती होती. त्यांचा उपाय निराळा होता. मालकी ज्याची त्याच्याकडे राहू द्या, पण कसणे सहकाराने एकत्र करा.

इथे थोडे दूरच्या देशात जाऊन येऊ, कारण हाच प्रश्न त्याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही चालू होता. न्यूझीलंडमधील मूळ रहिवासी म्हणजे माओरी लोक. त्यांची जमीन साऱ्या कुळाची असे. १८६५ साली इंग्रज सरकारने तिथे खास जमीन न्यायालय स्थापन केले आणि कुळाच्या जमिनीवर व्यक्तींची नावे लावायला सुरुवात केली. एका जमिनीला दहापर्यंतच नावे लावण्याची पद्धत पडली, बाकीचे हक्कदार कागदावरून नाहीसे झाले आणि ज्यांची नावे लागली त्यांच्याकडून जमीन विकत घेणे गोऱ्या वसाहतवाल्यांना सोपे झाले. उरलेल्या जमिनीत मग वारसांची नावे पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेली. एका तुकड्याला शेकडो मालक, आणि कसणारा कोणी नाही. या गुंत्यात हात घातला तो आपिराना न्गाता या माओरी वकिलाने. न्यूझीलंडच्या विद्यापीठातून पदवी घेणारा तो पहिला माओरी. मालकांनी आपले हिस्से कायम ठेवून जमीन एकत्र कसावी, तिचा कारभार निवडलेल्या मंडळाने पाहावा, अशी व्यवस्था त्याने आपल्या लोकांत रुजवली. १९२८ च्या डिसेंबरात तो माओरींच्या खात्याचा मंत्री झाला आणि पुढल्याच वर्षी त्याने सरकारी पैशाने माओरी जमिनी सुधारण्याची योजना सुरू केली. इकडे १९२८ मध्येच बाबासाहेबांचे वतनाचे विधेयक मंडळापुढे होते. दोघांची कधी भेट झाली नसेल, पण दोघांना एकच गोष्ट दिसली होती. समाजाची सामाईक जमीन राखायची असेल तर ती कागदावर नीट लिहिली गेली पाहिजे, आणि कागद लिहिणारा कायदा त्या समाजाला कळणाऱ्या माणसाने केला पाहिजे. फरक एवढाच की न्गाताला मंत्रिपद मिळाले. बाबासाहेबांना तेव्हा सरकारने नेमलेल्या सभासदाची एक खुर्ची होती.

चाकरी नाकारली की काय होते, हे त्यांनी स्वतः हिंडून पाहिले. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने स्टार्ट समिती नेमली होती, तिचे ते सभासद होते. १९२९ मध्ये समितीच्या कामासाठी ते खानदेशात गेले. एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातील लोकांनी त्यांना आग्रहाने थांबवून घेतले, पण त्यांना न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. शेवटी वस्तीतलाच एक माणूस लगाम धरून बसला. त्याला हाकण्याची सवय नव्हती. मोरीवर चाक अडकले, टांगा उलटला आणि बाबासाहेब फरशीवर आदळून त्यांचा पाय मोडला. परदेशी शिकून आलेल्या बॅरिस्टराची ही गत, तर दुकानदाराने मीठ-मिरची बंद केलेल्या, पाटलाने बलुते अडवलेल्या घरांची गत काय असेल? बहिष्काराचे हत्यार चालायचे ते जमिनीच्या जोरावर. ज्याच्याकडे स्वतःचे शेत नाही त्याला दुसऱ्याच्या बांधावरून चालण्याचीही बंदी करता येते.

त्यानंतरची तीन-चार वर्षे गोलमेज परिषदा आणि पुणे करारात गेली. १९३५ च्या मे महिन्यात रमाबाई वारल्या. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा मुंबईच्या विधानसभेत आले, या वेळी लोकांनी निवडून दिलेले आमदार म्हणून. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत म्हणजे कोकणातला गावचा सारा वसूल करणारा मध्यस्थ. कुळाने धान्याचा वाटा द्यायचा, वर वेठही करायची. विधेयकात खोताला भरपाई देऊन कुळाला सरकारशी थेट जोडायची तरतूद होती. यातली कुळे केवळ महार नव्हती. कुणबी, आगरी, सगळीच होती. अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ पासून शेतकऱ्यांचा संप चालू होता आणि बाबासाहेब त्या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे होते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. कोकणातून बोटीने, पायी आलेली माणसे होती ती. बाबासाहेब त्या मोर्चाचे पुढारी होते.

त्याच जानेवारी महिन्यात ते आपल्या सोलापुरात आले होते आणि तिथे ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले. हे आपल्या धर्मग्रामात थोड्याच लोकांना माहीत असावे. आपल्या मनाची पकड घेणारी दोनच व्यक्तिमत्त्वे आहेत, बुद्ध आणि ख्रिस्त, असे त्यांनी त्या सभेत सांगितले. पण नुसते कौतुक करून ते थांबले नाहीत. ख्रिस्ती समाजात शिक्षण आले, मुलगे मास्तर झाले, मुली परिचारिका झाल्या. मात्र शिकलेला माणूस आपल्या संसारात रमतो आणि समाजावरच्या अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही, असा स्पष्ट ठपका त्यांनी ठेवला. न शिकलेले अस्पृश्य लढतात आणि शिकलेले ख्रिस्ती गप्प बसतात, हे त्यांना खटकत होते. ऐकणाऱ्यांना ते झोंबले असेल. आम्हाला ते आजही झोंबते, आणि त्यात गैर काही नाही.

आपल्या ख्रिस्ती पूर्वजांचा वतनाशी संबंध नव्हता असे कोणी समजू नये. नगर, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत जी कुटुंबे ख्रिस्ती झाली त्यातली पुष्कळशी महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली होती. धर्म बदलल्याने वारसाहक्क जात नाही, असा कायदा १८५० पासूनच होता, त्यामुळे जमिनीतला हिस्सा कायद्याने जाणार नव्हता. पण ती जमीन चाकरीसाठी होती. वेस राखायची पाळी बाप्तिस्म्याने टळत नव्हती.

खोतीचे विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. १९३७ च्या सुमारास त्यांनी वतनाच्या दुरुस्तीचा पुन्हा प्रयत्न केला, तोही तडीस गेला नाही. मग महायुद्ध आले आणि सरकारने वतनाच्या जमिनींवरची जुडी वाढवायला घेतली. म्हणजे चाकरी तीच आणि सवलत मात्र कमी. डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यातील हरेगाव येथे आणि ऑगस्ट १९४१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे वतनदारांच्या परिषदा झाल्या. बाबासाहेबांनी तिथे सरकारला पेच घातला. पूर्ण सारा हवा असेल तर चाकरी माफ करा. चाकरी हवी असेल तर जुडी वाढवू नका. गाऱ्हाणे त्यांनी थेट गव्हर्नरांपर्यंत नेले. दोन्ही बाजूंनी पिळणे चालणार नाही, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, पण सरकार ऐकते ते पदवीवाल्याचेच.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी जमिनीबद्दलचे आपले शेवटचे आणि सर्वांत धाडसी मत मांडले. शेतजमीन सरकारने मोबदला देऊन ताब्यात घ्यावी, सोयीचे गट पाडावेत आणि गावातल्या कुटुंबांना जातपात न बघता सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही वर्गच उरू नयेत. संविधानात हे आले नाही. आमच्यासारख्या शेतकरी भागातल्या माणसांना ते पचणेही कठीण आहे, कारण स्वतःच्या नावाचा सातबारा हेच इथे पुष्कळांचे स्वप्न असते. पण त्यांनी हा विचार का केला ते उघड आहे. चार गुंठ्यांचा मालक बनून माणूस मोकळा होत नाही, हे त्यांनी वतनात पाहिले होते.

कायदामंत्री असताना हिंदू कोड बिलात त्यांनी मुलीला वडिलांच्या मिळकतीत हक्क मिळावा म्हणून झुंज दिली आणि ते रखडले तेव्हा १९५१ मध्ये राजीनामा दिला. आपल्या ख्रिस्ती मुलींना १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर, भावाइतकाच वाटा मिळतो. वारस नोंदीच्या वेळी किती बहिणींची नावे खरोखर लागतात, याचा विचार ज्याने त्याने घरी करावा.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत खेड्यातल्या भूमिहीनांची चिंता त्यांना फार लागली होती. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला त्यांनी ती जाहीर सभेत बोलून दाखवली. शिकून शहरात नोकरीला लागलेले लोक मागे राहिलेल्यांकडे पाहत नाहीत, याचे त्यांना दुःख होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी पुढे १९६४ च्या डिसेंबरात, त्यांच्या स्मृतिदिनापासून, भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. लाखो लोक तुरुंगात गेले.

खोती १९४९ च्या कायद्याने संपली. महार वतनाला मात्र आणखी वेळ लागला. १९५८ मध्ये मुंबई राज्याने कनिष्ठ गाव वतने निर्मूलनाचा कायदा केला आणि तो १ फेब्रुवारी १९५९ पासून लागू झाला. म्हणजे बाबासाहेबांच्या पहिल्या विधेयकानंतर जवळजवळ ३१ वर्षांनी आणि त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. त्या दिवशी चाकरीची सक्ती गेली. वेसकराची पाळी गेली. जमीन सरकारजमा झाली, पण ठरलेल्या मुदतीत साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरली की ती जुन्या वतनदाराला परत मिळायची. ती मिळाली नव्या शर्तीने, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येणार नाही, या अटीवर. तिप्पट सारा ही रक्कम फार मोठी नव्हती. पण ज्याला नोटीस वाचता येत नव्हती, जो मुंबईला गिरणीत होता, ज्याच्या तक्षिमेत पंचवीस वारस होते, त्याची मुदत टळली आणि त्याच्या जमिनीवर दुसरेच कोणी बसले.

नव्या शर्तीची ही अट जाचक वाटते. पण आम्ही थोडा विचार करून सांगतो की ती नसती तर यातली बरीच जमीन कधीच हातातून गेली असती. अट असूनही गेली आहेच. स्टँप पेपरवर, नोटरीपुढे, पाच-पंचवीस हजारांत झालेले व्यवहार या महाराष्ट्रात कमी नाहीत. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी आल्यावर आपल्या भागात जमिनीचे मोल वाढले. पालखी मार्ग रुंद झाल्यावर रस्त्याकडेच्या जमिनीचे आणखी वाढले. शहरांजवळ तर विचारायलाच नको. २०२५ मध्ये पुण्यातील मुंढवा येथील महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा वतन हा शब्द नव्या पिढीने वर्तमानपत्रात पहिल्यांदा वाचला.

ज्यांच्या घरी अशी जमीन आहे त्यांच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असे लिहिलेले असते आणि जुन्या कागदांत इनाम वर्ग ६ ब असा उल्लेख सापडतो. ६ ब म्हणजे सरकारच्या उपयोगाच्या चाकरीसाठी दिलेले वतन. १९५९ नंतर जमीन परत दिल्याची नोंद फेरफार रजिस्टरात असते; तिचा क्रमांक सातबाऱ्यावर सापडतो आणि त्याची नक्कल तलाठी कार्यालयातून किंवा माळशिरसच्या तहसीलमधून अर्ज करून मिळवता येते. आजोबांनी भरलेल्या त्या तिप्पट साऱ्याचे चलन एखाद्या जुन्या पेटीत असेल तर ते जपून ठेवावे.